कुंडीच्या तळाशी (प्रस्तावना)

कुंडी भरताना तळाशी खापऱ्यांचा नाहीतर विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा, म्हणजे पाणी तुंबत नाही. हे मला आईनं सांगितलं, नर्सरीवाल्यानं सांगितलं, आणि पुढे मीही कितीतरी जणांना ऐकवलं. ते चुकीचं आहे हे पटलं भांडी घासायच्या स्पंजामुळे.

स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. टपटप थांबली की न पिळता नुसता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, छिद्रं तीच. वाढली फक्त उंची. मातीचंही तसंच. बारीक कणांमधल्या फटी केशाकर्षणानं पाणी धरून ठेवतात आणि खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी सोडत नाहीत. त्यामुळे मातीचा तळचा पट्टा चिंबच राहतो. खापऱ्या घातल्यानं तो नाहीसा होत नाही, वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी जरूर ठेवावी. चार बोटांचा थर मात्र मातीची उंची खातो.

अशी उलटतपासणी अनेकांनी केली आहे. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं करवतीनं चिरून आतून पाहिली. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड तेवढा भाग आतल्या आत भिंती घालून वेगळा टाकतं, असं त्यांनी दाखवलं. छाटलेल्या फांदीला लेप फासणाऱ्यांची त्यामुळे पंचाईतच झाली.

दुपारच्या पाण्याची गोष्ट जरा गमतीची आहे. थेंब भिंगासारखे वागून पानं भाजतात, हा समज हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली तपासला. गुळगुळीत पानं भाजली नाहीत. लव असलेल्या पानांवर थेंब अधांतरी तोलला जातो, तिथे मात्र ती शक्यता निघाली. तरीही भर दुपारी पाणी घालू नयेच, कारण बरंचसं उडून जातं. सल्ला बरोबर, कारण चूक, असं या पुस्तकात वारंवार भेटेल. म्हणून आजीच्या प्रत्येक गोष्टीला थोतांड म्हणायची घाई कृपया करू नका.

वाचायला शास्त्राची पदवी लागत नाही. स्पंज लागतो, थोडा धीर लागतो, आणि फवारणीचा पंप हातात घेण्याआधी झाडापाशी उकिडवं बसायची तयारी. मी एकदा तशी बसले होते. गुलाबाच्या पानांना कात्रीनं कापल्यासारख्या गोल खाचा पडल्या होत्या आणि ‘कीड आहे, औषध मारा’ असं दोघांनी बजावलं होतं. थोड्या वेळानं एक काळसर माशी आली, पानाचा चतकोर गोल कापला आणि पोटाशी धरून उडाली. तिनं तो खाल्ला नाही. पिल्लांच्या कोठडीला अस्तर लावायला नेला. ही पानकापी मधमाशी. शेतात तुरीच्या फुलांवर परागीभवनाचं काम करणाऱ्यांत हिची भावंडं असतात. पंप मी तसाच परत कपाटात ठेवला.