खरवडलेले नाव

आमच्यापाशी एक जुना कॅमेरा आहे. वीसेक वर्षांपूर्वी तो आम्ही मुंबईच्या जुन्या बाजारात 'अस्सल जर्मन लायका' म्हणून विकत घेतला. वरच्या पत्र्यावर तसे कोरलेलेही होते. कामगारांच्या सभांचे फोटो आपणच काढावेत, ही हौस त्यामागे होती. पुढे दुरुस्तीच्या एका जाणत्या कारागिराने भिंग उतरवून आतील दांडी दाखविली. लायकात त्या दांडीच्या टोकाला फिरते गोल चाक असते. आमच्या कॅमेऱ्यात नुसते घडीव टोक होते. 'साहेब, हा रशियन आहे,' एवढेच तो म्हणाला. आम्ही फसलो होतो खरे. पण जे हाती आले त्याची हकीकत लायकापेक्षा मोठी निघाली.

मूळ लायकाही एका कारागिराच्याच डोक्यातून निघाला. ऑस्कर बार्नाक हा वेट्झलार गावच्या लाइट्झ कारखान्यातील मेकॅनिक. दम्यामुळे काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा त्याला पेलवत नसे, म्हणून सिनेमाची फिल्म वापरणारा लहान कॅमेरा त्याने पहिल्या महायुद्धाच्या तोंडाशी बनविला. १९२४ साली मंदीच्या दिवसांत मालकाने तो बाजारात आणण्याचे ठरविले. कामगारांच्या हाताला काम राहावे, हाही त्यामागे एक विचार होता. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत तो विक्रीस आला आणि १९३२ मध्ये त्याला भिंगाशी जोडलेला अंतरमापक मिळाला. हा अंतरमापक म्हणजे एकमेकींपासून चार बोटांहून कमी अंतरावरच्या दोन खिडक्या. दोहोंतून आलेल्या प्रतिमा डोळ्यापुढे एकीवर एक पडतात. भिंग फिरवीत त्या जुळविल्या की माणूस नेमका फोकसमध्ये आला असे समजावे.

आता खारकोव्हकडे वळू. यादवी युद्ध आणि १९२१-२२ चा दुष्काळ यांनी सोव्हिएत देशात लाखो मुले रस्त्यावर आणली होती. चोरी करावी, स्टेशनांवर निजावे, असे त्यांचे जिणे. रेल्वे कारखान्यातील रंगाऱ्याचा मुलगा असलेला अंतोन माकारेंको हा शिक्षक १९२० पासून अशाच मुलांची वसाहत चालवीत होता. १९२७ च्या अखेरीस खारकोव्हमध्ये त्यांच्यासाठी श्रम-कम्यून निघाली. पोरांनी आधी लाकूडकाम केले, मग विजेची ड्रिल यंत्रे बनविली आणि अखेर लायका खोलून त्याची नक्कल करावयास घेतली. १९३४ पासून तो कॅमेरा रीतसर तयार होऊ लागला. नाव ठेवले 'फेड'. कम्यून ज्याच्या नावाने होती त्या फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्कीची ही आद्याक्षरे.

आमच्यासारख्या युनियनवाल्याचा पहिला प्रश्न असा की, ही बालमजुरी नव्हे काय? कम्यूनमध्ये दिवसाकाठी चार तास काम आणि त्याहून अधिक वेळ शाळा असा शिरस्ता होता. मुलांना पैसेही मिळत, आणि कामांचे वाटप करणाऱ्या सभेत त्यांचा आवाज असे. आपल्याकडे हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या पोराला यातले काय मिळाले? तरी आम्ही याला निखळ सुवर्णकथा म्हणणार नाही. झेर्झिन्स्की हा गुप्त पोलिसांचा संस्थापक, आणि कम्यून उभी राहिली ती युक्रेनच्या त्याच खात्यातील माणसांनी पगारातून दिलेल्या वर्गणीवर. १९३३ साली त्याच खारकोव्हच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेले उपाशी शेतकरी मरून पडत होते. त्यांचे धान्य काढून नेण्यात हेच खाते पुढे होते. एका हाताने अनाथ जगवावेत आणि दुसऱ्या हाताने अनाथ निर्माण करावेत! तरुणपणी स्वस्त सोव्हिएत पुस्तके वाचून आम्ही पहिला हात तेवढा पाहिला. दुसरा दिसावयास आम्हांला फार वर्षे लागली, हे येथे कबूल करावयास हवे.

१९४१ मध्ये जर्मन सैन्य येताच कारखाना सायबेरियात हलविण्यात आला. युद्धानंतर कॅमेरे पुन्हा निघू लागले, १९४८ पासून मॉस्कोजवळ 'झोर्की' नावाने त्याचीच भावंडे बनू लागली.

कुणास असा कॅमेरा घ्यावयाचा असेल तर दोन गोष्टी सांगतो. भिंग अनंतावर ठेवून दूरच्या एखाद्या चिमणीकडे पाहावे. दोन चिमण्या दिसल्या तर अंतरमापक बिघडला आहे. एक रोल खर्ची घालावा. फोटोत पांढरे ठिपके आले तर कापडी पडद्याला भोके पडली आहेत. वेग बदलावयाचा तो चावी फिरवून झाल्यावरच, नाहीतर आतले काम मोडते. फिल्म तळातून भरावयाची असल्याने तिचे शेपूट नेहमीपेक्षा लांब कापावे लागते. आमचे पहिले दोन रोल हे न कळल्यामुळे फुकट गेले आणि एका गेटसभेचा एकही फोटो आला नाही.

युद्धापूर्वीच्या फेडवर खारकोव्हच्या श्रम-कम्यूनचे नाव कोरलेले असे. लायका म्हणून विकताना तेच खरवडून काढतात. आमच्या कॅमेऱ्याचा पत्रा सकाळच्या तिरप्या उन्हात धरला की जर्मन अक्षरांखाली जुन्या रशियन अक्षरांच्या पुसट रेघा अजून दिसतात.