प्रतिकृती रेल्वेवरील मालवाहतूक संचालन

प्रतिकृती रेल्वेवरील मालवाहतूक संचालन म्हणजे लहान प्रमाणात उभारलेल्या रेल्वेवर मालगाड्या खऱ्या रेल्वेच्या कार्यपद्धतीनुसार चालवणे होय. या छंदात गाडी रुळांच्या वर्तुळात नुसती फिरत राहत नाही. प्रत्येक वाघीण कोठून आली, तिच्यात कोणता माल आहे, ती कोणत्या धक्क्यावर लावायची आणि रिकामी झाल्यावर कोठे पाठवायची, हे आधी ठरलेले असते. ते काम वेळापत्रक व सुरक्षिततेचे नियम पाळून पार पाडणे हा या संचालनाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

या पद्धतीचा पाया मुख्यतः अमेरिकेत घातला गेला. फ्रँक एलिसन यांनी १९४० च्या दशकातील लेखनातून प्रतिकृती रेल्वेची तुलना रंगभूमीशी केली. देखावा हे नेपथ्य, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. १९६१ मध्ये डग स्मिथ यांनी वाघिणींसाठी कार्डांची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातूनच आजची बिल्टी-पद्धत विकसित झाली.

महाराष्ट्रात प्रतिकृती रेल्वेचे सर्वपरिचित स्थळ म्हणजे पुण्यातील कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. प्रेक्षकांना चालती लघुनगरी दाखवणे हा त्याचा हेतू आहे. संचालनात मात्र प्रेक्षक नसतो. उपस्थित प्रत्येक जण स्टेशन मास्तर, चालक, गार्ड किंवा सांधेवाला अशी एखादी भूमिका निभावतो.

प्रमाण, अंतर व काळ

सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ प्रमाणात प्रतिकृती मूळ वस्तूच्या १/८७ असते व रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. भारतीय ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटर या प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर होतात. म्हणजे बाजारात मिळणारे रूळ भारतीय ब्रॉडगेजसाठी अरुंद ठरतात. मीटरगेजचे मात्र सुमारे ११.५ मिलिमीटर होतात आणि १२ मिलिमीटरचे रूळ त्याच्या बरेच जवळ येतात.

अंतराची अडचण याहून मोठी आहे. दोन स्थानकांतील १० किलोमीटर अंतर एचओ प्रमाणात ११५ मीटर भरते. एवढी जागा घरात नसते, म्हणून अंतर पुष्कळ कमी केले जाते आणि त्याची भरपाई वेगवान घड्याळाने होते. घड्याळ सहापट वेगाने चालवल्यास पूर्ण दिवसाचे वेळापत्रक ४ तासांत पार पडते. गाडीचा वेग मात्र वाढवायचा नसतो. ताशी ४० किलोमीटर वेगाची मालगाडी या प्रमाणात सेकंदाला सुमारे १३ सेंटिमीटर, तर ताशी १० किलोमीटर वेगाने शंटिंग करणारे इंजिन सुमारे ३ सेंटिमीटर सरकले पाहिजे.

बिल्टी-पद्धत

प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते व त्यावर तिचा क्रमांक आणि प्रकार लिहिलेला असतो. कार्डाच्या खिशात बिल्टी ठेवली जाते. तिच्यावर माल, पाठवणारा, घेणारा व गंतव्य स्थानक यांची नोंद असते. एका बिल्टीवर सहसा चार नोंदी असतात. एक सत्र संपले की बिल्टी फिरवून पुढची नोंद समोर आणतात. त्यामुळे कोक घेऊन आलेली वाघीण पुढच्या सत्रात रिकामी परत जाते किंवा दुसरा माल भरून वेगळ्या दिशेने निघते. मांडणीबाहेरचे जग दाखवण्यासाठी पडद्यामागे एक लपवलेले यार्ड ठेवतात. दूरच्या स्थानकांच्या गाड्या तेथून निघतात व तेथेच पोहोचतात.

पलूस परिसराचे उदाहरण

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका अशा मांडणीसाठी अनुरूप आहे. पुणे–मिरज लोहमार्गावरील किर्लोस्करवाडी व भिलवडी ही स्थानके या तालुक्यात येतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळ आपला कारखाना व वसाहत वसवली. पुढे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. येथे लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे व पंप तयार होऊ लागले. भिलवडी येथे भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये दुग्धव्यवसाय सुरू केला.

हा मार्ग १९७० च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेज होता, तर मुंबई–पुणे मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे मुंबईकडे जाणारा माल पुण्यात एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. मिरजेला तर लातूरकडे जाणारी नॅरोगेजही मिळत असे. मालाची ही अदलाबदल बिल्टीवर लिहिली की लहानशा मांडणीलाही दूरच्या बाजारपेठांचा संदर्भ लाभतो.

नमुन्यादाखल किर्लोस्करवाडीच्या मांडणीत मुख्य मार्ग, एक लूप, मालधक्क्याची सायडिंग व कारखान्याची कल्पित सायडिंग एवढे घटक पुरतात. लपवलेल्या यार्डाचे एक टोक पुणे व दुसरे मिरज मानायचे. कच्चे लोखंड व कोक आत येतात. नांगर व पंप बाहेर जातात. मालधक्क्यावर खत उतरते व गूळ चढतो.

शंटिंगचे कोडे

मिरजेहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला एखादी वाघीण कारखान्यात लावायची आहे असे समजू. सायडिंगचा सांधा गाडी पुढे गेल्यावर मागे उघडत असेल, तर इंजिन वाघीण मागे ढकलून सहज आत लावते. सांधा समोरच्या दिशेने उघडत असेल, तर इंजिन आधी आत शिरेल व अडकेल. अशा वेळी वाघिणी लूपजवळ सोडून, इंजिन लूपवरून फिरवून त्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. सायडिंगमधील रिकामी वाघीण आधी बाहेर काढून मगच भरलेली आत लावता येते. हे चालू असताना प्रवासी गाडीची वेळ झाली, तर मुख्य मार्ग मोकळा करून मालगाडीने लूपवर थांबायचे. एकेरी मार्गावर टोकन हाती आल्याशिवाय पुढे निघायचे नाही.

याच कोड्याचे सर्वांत लहान रूप इंग्लंडमधील ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक’ मांडणीत आढळते. तिच्यात अनुक्रमे ५, ३ व ३ वाघिणी मावतील अशा तीन सायडिंग असतात. एकूण ८ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ५ वाघिणी त्याच क्रमाने जोडायच्या असतात. असे ६,७२० वेगवेगळे क्रम संभवतात. एचओ प्रमाणात सुमारे ९ सेंटिमीटर लांबीच्या चारचाकी वाघिणी वापरल्यास पाच वाघिणींची सायडिंग अर्ध्या मीटरच्या आसपास बसते. त्यामुळे ही मांडणी एका फळीवर मावते.

महत्त्व व मर्यादा

भारतीय रेल्वेने १९८० च्या दशकापासून सुट्या वाघिणींऐवजी एकाच प्रकारच्या मालाने भरलेल्या पूर्ण गाड्या चालवण्यावर भर दिला. सुमारे ६५० मीटर लांबीची आधुनिक मालगाडी एचओ प्रमाणातही साडेसात मीटर भरते आणि वाटेतील लहान स्थानकांवर तिला बहुधा काही काम नसते. त्यामुळे संचालनासाठी जुना काळ निवडणे सोयीचे पडते.

या निवडीला सोयीपलीकडचेही मोल आहे. मालधक्के, सायडिंग व इमारती छायाचित्रांत टिकून राहतात. पण एक वाघीण जागेवर लावण्यासाठी स्टेशन मास्तर, चालक, गार्ड व सांधेवाला यांना किती हालचाली कराव्या लागत, हे छायाचित्रातून कळत नाही. संचालनात त्या हालचाली पुन्हा कराव्या लागतात, आणि खेड्यातील कारखान्याचा माल दूरच्या बाजारपेठेपर्यंत कसा पोहोचत असे, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने समजून घेता येते.