दिनचर्या कुणाची? त्रिदोषांचा दडवलेला इतिहास



नांदेड असो की लातूर, सध्या आयुर्वेदाची चलती आहे. दुकानात चूर्णांच्या डब्यांची रांग, मोबाईलवर रोज सकाळी आरोग्याचा संदेश. पहाटे उठा, कोमट पाणी प्या, अंगाला तेल लावा, ऋतू पाहून खा. या सांगण्यात वाईट काही नाही. पण त्यामागे एक शेपूट हमखास असते: ही सगळी ऋषिमुनींची देणगी, वेदांची देणगी, सनातन धर्माची देणगी!

यावर आपल्या वस्त्यांमधल्या शिकलेल्या पोरापोरींचे दोन तट पडतात. काहीजण चूर्णासोबत गोमूत्राची बाटलीही मुकाट घरी आणतात. काहीजण म्हणतात, हे सगळे ब्राह्मणी आहे, आपल्याला नको. आमचे म्हणणे असे की दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून चालतात, की हे ज्ञान त्यांचे आहे. हे गृहीतकच इतिहासाला धरून नाही.

आधी त्रिदोषांकडे पाहू. वात, पित्त, कफ ही यादी जुन्या वाङ्मयात कुठे भेटते? संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात. मोलिय सीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो की, काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्माचे फळ असते. आपले मत काय? तथागत आठ कारणे मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, शरीराची नीट निगा न राखणे, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्माचा परिणाम. म्हणजे आठांतले एकच कारण कर्माचे. पुढे ते सांगतात की, हे प्रत्येकाला स्वतः अनुभवता येते आणि जगालाही मान्य आहे. म्हणून सगळे पूर्वकर्मावर ढकलणाऱ्यांचे म्हणणे चूक आहे.

या यादीचे महत्त्व लक्षात घ्या. आमच्या आज्या-पणज्यांना आजारपणात काय ऐकवले गेले? गेल्या जन्मीचे पाप, भोगा आता. जन्माने अस्पृश्य का? तेही गेल्या जन्मीचे पाप. रोगाचे आणि जातीचे स्पष्टीकरण एकाच साच्यातून आले आहे. तथागतांनी त्रिदोषांचा दाखला दिला तो नेमका हा साचा मोडण्यासाठी. सहावे कारण तर आजच्या भाषेत सरळ दिनचर्येचेच आहे. निगा चुकली की माणूस आजारी पडतो, आणि निगा सुधारता येते.

विनयपिटकाच्या महावग्गात तर औषधांवर एक सबंध प्रकरण आहे. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडून वाळू लागले, तेव्हा तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घेण्याची मुभा तथागतांनी दिली. रुग्णाची सेवा ही माझीच सेवा, असे त्यांनी संघाला सांगितले तेही महावग्गातच. जीवक या वैद्याची कथाही त्याच ग्रंथात येते. उकिरड्यावर टाकलेले एक मूल तक्षशिलेला जाऊन सात वर्षे शिकते आणि बुद्धाचा व संघाचा वैद्य होते. अशा मुलासाठी पुढे वर्णव्यवस्थेने कोणत्या शाळेचे दार उघडले असते?

हा धागा मराठवाड्यातही सापडतो. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत ब्राह्मी दानलेख आहेत. त्यात मगिल नावाच्या राजवैद्याचे नाव आहे, त्याच्या मुलाचे आणि मुलीचेही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या भागातला राजवैद्य आपल्या कुटुंबासह दान देतो, ते विहारासाठी.

आता दुसरी बाजू पाहू. मनुस्मृती वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून वगळते आणि त्याच्या घरचे अन्न पुवासारखे मानते. कारण उघड आहे. वैद्याला रोग्याचे रक्त, पू, मळ, प्रेत या सगळ्याला हात लावावा लागतो, आणि तो हात लावताना जात विचारून चालत नाही. सुश्रुतसंहितेत प्रेत पाण्यात कुजवून शरीररचना शिकण्याची रीत दिली आहे. विटाळ पाळणाऱ्याला हे जमेल का? म्हणून ज्या धर्मशास्त्राने वैद्याला पंगतीतून उठवले, त्याच्याच वारसदारांनी आज आयुर्वेदाचे मालक म्हणून मिरवावे, हा विनोद आहे. बाबासाहेबांनी महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचे दहन केले, त्यात वैद्यालाही विटाळ चिकटवणारे हे श्लोक जळाले, हेही आपण ध्यानात ठेवावे.

हा विटाळ पोथीपुरता राहिला नाही. मराठवाड्याच्या गावोगावी बाळंतपण करणारी सुईण बहुधा मांग समाजाची असे. नाळ कापायला तिचा हात चाले, पण काम झाल्यावर तोच हात विटाळाचा. पोथीतला वैद्य पुढे पंडित झाला, सुईण मात्र गावकुसाबाहेरच राहिली. सुश्रुतसंहितेत काहींचे मत म्हणून नोंदवले आहे की, चांगल्या कुळातल्या शूद्राला मंत्र वगळून हे शास्त्र शिकवावे. अस्पृश्याचा तर तिथे विचारही नाही.

देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी 1977 साली मांडले की, भारतातले वैद्यक मुळात तर्कावर उभे होते आणि वर्णधर्माच्या दडपणाखाली त्यावर देवाब्राह्मणांचे थर चढले. केनेथ झिस्क यांनी 1991 च्या ग्रंथात या वैद्यकाचे नाते श्रमणांशी आणि बौद्ध विहारांशी जोडले. हे थर डोळ्यांनी पाहायचे असतील तर वाग्भटाचे अष्टांगहृदय उघडा. तोच ग्रंथ, ज्याच्या दिनचर्येच्या अध्यायावर आजचे सगळे सल्ले उभे आहेत. दात घासणे, तेल, व्यायाम, स्नान झाल्यावर वाग्भट टाळायची दहा पापे सांगतो: हिंसा, चोरी, व्यभिचार, चहाडी, कठोर बोलणे, खोटे, वायफळ बडबड, द्वेष, लोभ, मिथ्यादृष्टी. पाली वाङ्मय वाचलेला कोणीही ओळखेल, या तर आपल्या दहा अकुशल गोष्टी! आणि लगेच पुढे देव, गाय, ब्राह्मण यांना पुजण्याचा उपदेशही आहे. दोन परंपरा एका पानावर शेजारी उभ्या आहेत. यातली पहिली लपवली जाते आणि दुसरीचा गाजावाजा होतो.

ग्रंथाच्या शेवटी वाग्भट ठणकावतो की, वाताला तेल, पित्ताला तूप, कफाला मध लागू पडते. हे ब्रह्मदेवाने सांगितले की आणखी कोणी, त्याने काय फरक पडतो? कालामांना तथागतांनी सांगितले ते याहून वेगळे नाही. कोणी सांगितले यापेक्षा खरे काय ते तपासा.

तोच निकष आज आपण लावू. चरकसंहितेने कोरडा खोकला, जुनाट पडसे, अतिश्रमाचा थकवा अशा अवस्थांत गोमांस उपयोगी सांगितले आहे. अन्यत्र ते अपथ्यही म्हटले आहे. तिथे प्रश्न पथ्याचा आहे. 2015 पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आहे आणि आयुर्वेदाच्या नावाने शुद्ध शाकाहार शिकवला जातो. गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन काढून घ्यायचे आणि वर त्यालाच बलवर्धक चूर्ण विकायचे, याला आरोग्य म्हणत नाहीत. आपल्या घरातली ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, करडईचे तेल, ताक हे अन्न कुठल्याही महाग डब्याहून कमी नाही. झोप, चालणे, तंबाखू-दारूपासून दूर राहणे, वेळेवर जेवण ही निगा फुकट आहे. ती जरूर राखावी.

पण निगा एकट्याने राखता येत नाही, हेही तितकेच खरे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली होती. अशा शहरात अभ्यंगस्नानाचा सल्ला कोणाला देणार? 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात बालके होती. त्या मातांना कोणता काढा पुरला असता? आठ कारणांतली किती कारणे माणसाच्या हातात आहेत आणि किती शासनाच्या, हे आपण विचारले पाहिजे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय, वनौषधींची लागवड आणि विहिरी एकत्र येतात. पाणी आणि औषध ही राज्याची जबाबदारी आहे, हे त्या राजाला कळले होते. चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब गेले, तेव्हा तोही आरोग्याचाच लढा होता.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या आपल्या मुलींनी आयुर्वेदाला प्रवेश मिळाला म्हणून खट्टू होऊ नये आणि भारावूनही जाऊ नये. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात असो वा दुसरीकडे, धन्वंतरीच्या तसबिरीसमोर बसताना जीवक आठवावा. अनुभवाला उतरेल ते घ्यावे, उतरणार नाही ते टाकावे. साप चावला, ताप उतरेना, साखर वाढली तर आधी दवाखाना गाठावा. बुद्ध विहारात पौर्णिमेला वंदना होते, त्याच दिवशी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासण्याची सोय करावी. रुग्णाची सेवा ही बुद्धाची सेवा, हे त्या दिवशी नुसते म्हणायचे राहणार नाही.