चौलची पेठ : नाव आणि व्यापारवाट

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील चौल हे आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचे शांत गाव आहे. पश्चिम किनाऱ्यावरील एका मोठ्या पेठेचे हे स्थान, हे तेथील अवशेषांवरून सहसा लक्षात येत नाही. शिवाय जुन्या लेखांत ह्या पेठेची नावे इतकी भिन्न आढळतात, की ती सर्व एकाच स्थळाची आहेत काय, असा प्रश्न प्रथम उपस्थित होतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर ध्वनिविचारात सापडते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ग्रंथात 'सेमुल्ल' असे रूप आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमी 'सिमुल्ल' असे लिहून स्थानिक लोक त्यास 'तिमुल' म्हणतात, अशी पुस्ती जोडतो. ग्रीक भाषेत 'च' नाही. तेव्हा 'स' आणि 'त' हे त्या एकाच ध्वनीस गाठण्याचे दोन प्रयत्न होत. कान्हेरीच्या दानलेखांत मूळ रूप 'चेमुल' स्पष्टच आहे, आणि १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात 'चेमुली'. अरबी प्रवाशांनी चीनचे जसे 'सीन' केले, तसेच चेमुलचे 'सैमूर'. पुढे 'ग्राम'चे 'गाव' व्हावे त्याच नियमाने स्वरमध्यस्थ 'म' लोपून 'चेऊल' आणि 'चौल' ही रूपे सिद्ध झाली. अर्थात पेठ एकच.

ह्या पेठेचे स्वरूप बार्बोसाने १५१६ च्या सुमारास वर्णिले आहे. डिसेंबर ते मार्च ह्या महिन्यांत घाटावरून बैलांचे तांडे माल घेऊन उतरत; एकेक हाक्या वीस-तीस बैल पुढे घालून चाले. हंगाम सरला की गजबजही सरे. म्हणजे बाजाराचा खरा आधार घाटवाट हाच होता. बंदर हे तिचे दुसरे टोक.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंड्यास किल्ल्याचे बांधकाम आरंभिले. तेव्हापासून समुद्राकडील पोर्तुगीज शहर आणि वरचे चौल अशी दोन नगरे शेजारी नांदू लागली. रेशमी वस्त्रांचे विणकाम हे वरच्या चौलचे वैभव होते. ते विणकरच सतराव्या शतकात मुंबईकडे वळले. इंग्रजांनी १६६८ च्या सुमारास त्यांच्या वस्तीसाठी जकातघरापासून किल्ल्याकडे जाणारा रस्ता आखविला. मुंबईच्या आरंभीच्या रस्त्यांपैकी एक अशा रीतीने चौलच्या कारागिरांसाठी निर्माण झाला. १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांच्या हाती आला, तोवर व्यापाराचा ओघ दुसरीकडे गेला होता.

सारांश, सत्तांतराआधीच माणसे निघून गेली आणि त्यांच्यामागे पेठही गेली. तिचा सर्वांत जुना आणि अखंड पुरावा म्हणजे तिचे नाव. ते आजही गावकऱ्यांच्या तोंडी आहे. कोकणातील अन्य बंदरांचा इतिहास लिहिताना स्थलनामांची अशीच ध्वनिपरीक्षा होणे अगत्याचे आहे.