भोपळा, चरबी आणि रबरी अंगरखा

आपल्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही, हे खरे. पण पोहणे आपल्याला परके नाही. पूर्णेकाठी काय, पैनगंगेकाठी काय, नि गावोगावच्या विहिरींत काय, पोरे पोहायला शिकतच आली आहेत. शिकण्याची रीतही जुनी. पाठीला वाळलेला भोपळा, नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा बांधायचा आणि पोराला पाण्यात सोडायचे. हातपाय नीट चालू लागले की भोपळा सुटायचा. भोपळा बांधणाऱ्याला कोणी हसत नसे. पण भोपळ्यावर डोह ओलांडला म्हणून त्याला पट्टीचा पोहणारा असेही कोणी म्हणत नसे. वाचकहो, एवढा भेद ध्यानात ठेवा. समुद्रातल्या शर्यतीत रबरी अंगरखा, म्हणजे वेटसूट, घालावा की नाही, हा वाद मुळात याच भेदाचा आहे.

या वादाचा उगम इंग्लिश खाडीत सापडतो. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली ही खाडी अरुंद जागी सुमारे 33 किलोमीटर रुंद आहे. भर उन्हाळ्यातही तिचे पाणी साधारण 15 ते 18 अंशांवर असते. पाणी हवेपेक्षा अंगातली ऊब सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. म्हणजे तिथे लाटांइतकाच थंडीशी सामना. 1875 च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब अंगाला तेल चोपडून उतरला आणि 21 तास 45 मिनिटांनी पलीकडे लागला. आता, तेलाने वा चरबीने थंडी फारशी अडत नाही. खारे पाणी नि घासणे यांपासून कातडी वाचते, एवढेच. तरी ती परंपरा पडली ती पडली.

पुढे नाव आणि बक्षिसे यांचा मोह वाढला. 1927 साली डोरोथी लोगन या डॉक्टरबाईंनी खाडी पोहल्याचा दावा करून हजार पौंडांचे बक्षीस मिळवले, आणि मग आपणच सांगून टाकले की दावा खोटा होता. देखरेख किती ढिली आहे ते दाखवायचे होते! त्याच वर्षी अशा दाव्यांची तपासणी करणारी संस्था उभी राहिली. साक्षीला निरीक्षक आला, नियम आले. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा आणि अंगाला चरबी, याहून अधिक काही नको, असे ठरले.

आपली माणसेही याच नियमाने उतरली. 1958 च्या सप्टेंबरात मिहिर सेन यांनी ही खाडी पार केली. 1959 च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या आरती साहा यांना चौदा तास झुंजून, किनारा थोड्याच मैलांवर असताना पाण्याबाहेर यावे लागले. महिन्याभराने, 29 सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि 16 तास 20 मिनिटांत पोहोचल्या. अशी कामगिरी करणारी आशियातली ती पहिली स्त्री. आणि आपल्या पुण्याच्या रोहन मोरे यांनी 2018 च्या फेब्रुवारीत जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पुऱ्या केल्या. असा मान मिळवणारे ते पहिले आशियाई. अंगरखा न घालता, हे वेगळे सांगायला नको.

मग हा अंगरखा आला कुठून? 1950 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतले शास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी त्याची कल्पना मांडली. रबरासारख्या निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. तेच ऊब धरतात. आत शिरलेला पाण्याचा पातळ थरही अंगाच्या उबेने कोमट होतो. पण गंमत बघा: तेच बुडबुडे माणसाला वर उचलून धरतात. पाय बुडत नाहीत, वेग वाढतो. म्हणजे घोंगडी नि भोपळा, दोन्ही एकाच कपड्यात! म्हणून इंग्लिश खाडीत अंगरखा घालून केलेले पोहणे नेहमीच्या विक्रमांत धरत नाहीत.

तर अंगरखा वाईट म्हणायचा का? मुळीच नाही. जलतरणाच्या जागतिक संघटनेने 2017 पासून खुल्या पाण्यातल्या शर्यतींना नियम केला: पाणी 18 अंशांखाली असेल तर अंगरखा सक्तीचा, 18 ते 20 अंशांत ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि 20 च्या वर नको. विक्रमापेक्षा जीव मोठा, हे त्यामागचे तत्त्व. उलट बाजूही आहे. 2010 साली फुजैरा येथे फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा कसलेला जलतरणपटू शर्यतीतच मृत्यू पावला. पाणी फार गरम होते. गरम पाणीही जीव घेते, हे जगाला तेव्हा उमगले आणि पुढे 31 अंशांची वरची मर्यादा आली. गरम पाण्यात अंगरखा म्हणजे वैशाखात घोंगडी पांघरणे!

म्हणून गुरुजी, तुमचा एखादा विद्यार्थी मालवणच्या समुद्रातल्या शर्यतीला निघाला, तर अंगरख्यासाठी पैसे खर्च करू नका. आपल्या किनाऱ्याचे पाणी उबदार असते. थंड मुलखात जाणार असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: पाणी किती अंश आणि नियम काय? जिथे सक्ती आहे तिथे लाज न बाळगता घालावा. जिथे मनाई आहे तिथे महिनोन्महिने गार पाण्याची सवय करावी. आणि घातला असेल, तर घातला असे सांगावे. भोपळा बांधण्यात कमीपणा नव्हता. बांधून लपवण्यात होता.