गाभण घोडीचा आहार आणि शिंगराचा प्रजननविकास

गाभण घोडीच्या आहाराचा परिणाम शिंगराच्या शारीरिक वाढीबरोबरच त्याच्या प्रजननसंस्थेच्या घडणीवर आणि वयात येण्याच्या काळावरही होऊ शकतो. मातेच्या पोषणामुळे गर्भाच्या अवयवांत होणाऱ्या दीर्घकालीन बदलांना 'गर्भकालीन प्रोग्रॅमिंग' असे म्हणतात. महाराष्ट्रात सातारा व सांगली जिल्ह्यांतील मेंढपाळ धनगरांच्या घोड्यांच्या संदर्भात हा विषय महत्त्वाचा ठरतो.

== जैविक पार्श्वभूमी ==
घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. गर्भाच्या वजनातील बहुतांश वाढ शेवटच्या तीन-चार महिन्यांत होते. घोड्याच्या गर्भातील जननग्रंथी गर्भकाळाच्या मध्यानंतर असाधारण मोठ्या होतात. काही काळ त्या मातेच्या अंडाशयांहूनही मोठ्या असतात. त्यांतून स्रवणाऱ्या द्रव्यांपासून वार इस्ट्रोजेन तयार करते. जन्मापूर्वी या ग्रंथी पुन्हा लहान होतात.

मादी शिंगराच्या अंडाशयातील बीजपुटकांचा साठा जन्मापूर्वीच तयार होऊ लागतो. नर शिंगराच्या वृषणातील सर्टोली पेशींची वाढही गर्भावस्थेत सुरू होते. पुढे शुक्राणूंची निर्मिती या पेशींच्या संख्येवर अवलंबून असते.

== संशोधन ==
फ्रान्समधील एका प्रयोगात २४ घोड्यांचे दोन गट करण्यात आले. गर्भकाळाच्या मध्यापासून विण्यापर्यंत १२ घोड्यांना केवळ चारा, तर १२ घोड्यांना चाऱ्यासोबत भरडलेले जव देण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दूध तोडल्यानंतर दोन्ही गटांतील शिंगरांच्या वजनवाढीत फरक आढळला नाही; मात्र केवळ चाऱ्यावरील घोड्यांच्या नर शिंगरांमध्ये १२ महिन्यांच्या वयात वृषणांची परिपक्वता मागे पडलेली दिसली. म्हणजेच शिंगरू वजनाने सारखे असले, तरी त्याचा प्रजननविकास सारखा असेलच असे नाही.

ही शिंगरे १२ महिन्यांची असतानाच खच्ची केल्यामुळे प्रौढ वयातील प्रजननक्षमतेविषयी या प्रयोगातून निष्कर्ष काढता येत नाही. उलटपक्षी अतिपोषणही हितकारक नसते. स्थूल घोड्यांच्या शिंगरांमध्ये इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावणे व सांध्यांतील कूर्चेचे दोष यांचे प्रमाण अधिक असल्याचे २०१८ मधील अभ्यासात आढळले.

== सातारा व सांगली ==
साताऱ्यातील माण, खटाव व फलटण आणि सांगलीतील आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे तालुके पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतात. येथील अनेक धनगर कुटुंबे पावसाळा संपल्यावर मेंढ्यांसह पश्चिमेकडे स्थलांतर करतात. काही कळप कोकणापर्यंत जातात. बिऱ्हाडाचे सामान, कोकरे व कोंबड्या घोड्यांवर लादून नेतात. हे घोडे प्रामुख्याने भीमथडी किंवा दख्खनी जातीचे असतात. मराठा घोडदळाशी नाते सांगणाऱ्या भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने केली आहे.

घोडी दिवसमान वाढत असताना माजावर येते. त्यामुळे उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या प्रारंभी विणाऱ्या घोडीचे शेवटचे महिने चराई सर्वांत विरळ असताना येतात. याच काळात तिला ओझे वाहून लांबची चाल करावी लागते, त्यामुळे पोषणाची तूट वाढू शकते. लहान संख्येच्या देशी जातीत नर उशिरा वयात आल्यास पैदाशीसाठी उपलब्ध नरांची संख्याही मर्यादित होते.

== आहारविषयक बाबी ==
अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००७ च्या शिफारशींनुसार, अकराव्या महिन्यात घोडीची ऊर्जेची गरज निर्वाहाच्या गरजेपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी, तर प्रथिनांची सुमारे ४० टक्क्यांनी अधिक असते.

* ज्वारीच्या वाळलेल्या कडब्यात प्रथिने कमी व कॅरोटीन अत्यल्प असते. लसूणघास किंवा अन्य द्विदल हिरव्या चाऱ्याने ही उणीव भरून निघते.
* कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात सहज मिळणाऱ्या वाढ्यांमध्ये ऑक्झॅलेट असते. त्यामुळे कॅल्शियमचे शोषण घटते; म्हणून केवळ वाढ्यांवर गाभण घोडी ठेवणे योग्य नसते.
* धान्याचा खुराक हळूहळू वाढवून दिवसातून दोन-तीन वेळा विभागून दिला जातो. एकदम अधिक धान्य दिल्यास पोटशूळ किंवा खुरांचा दाह होण्याचा धोका असतो.
* शेवटच्या महिन्यांत फासळ्या दिसत नाहीत, पण हात फिरवल्यास सहज जाणवतात, अशी अंगस्थिती समाधानकारक मानली जाते.