ऑपरेटिंग सिस्टीमचे सुरक्षित अद्ययावतीकरण

संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणारी इतर सॉफ्टवेअरे यांचा मेळ घालणारी मूलभूत प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यातील दोष काढणे, सुरक्षेतील पळवाटा बुजवणे किंवा नवी आवृत्ती बसवणे यास अद्ययावतीकरण (अपडेट) म्हणतात. नियमित सुरक्षा दुरुस्त्यांना ‘पॅच’ म्हणतात. विंडोजचे पॅच प्रामुख्याने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आवृत्तीबदल हे त्याहून मोठे व अधिक जोखमीचे काम असते.

गरज : विंडोजमधील एका गंभीर पळवाटेवरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला. ज्यांवर तो बसवला नव्हता, अशा जगभरातील संगणकांत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले. २७ जूनच्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्याने हीच पळवाट आणि चोरलेले पासवर्ड वापरले. त्यात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या संगणकांबरोबर न्हावा शेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. विंडोज एक्सपीची नियमित सुरक्षा सेवा एप्रिल २०१४ मध्ये संपूनही अनेक एटीएम त्यावरच चालत होती. म्हणून रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना जून २०१९ पर्यंतची मुदत देऊन टप्प्याटप्प्याने बदल करण्यास सांगितले. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली.

धोके : अपडेटमधूनही अपाय होऊ शकतो. नॉटपेट्या पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या भेसळयुक्त अपडेटमधून. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि मुंबईसह अनेक विमानतळांवर चेक-इन हाताने करावे लागले. हा अपडेट ऑपरेटिंग सिस्टीमचा नव्हता. पण सदोष बदल एकाच वेळी सर्वत्र गेला की काय होते, हे त्यातून दिसले.

पद्धत : प्रथम महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन त्यातील एखादी फाइल उघडून पाहावी. डिस्क कूटबद्ध असल्यास तिची रिकव्हरी की संगणकाबाहेर जपून ठेवावी. डिस्कवर पुरेशी जागा असावी; लॅपटॉपला चार्जर व डेस्कटॉपला यूपीएस जोडावा, कारण बसवणी सुरू असताना वीज गेल्यास प्रणाली अर्धवट राहू शकते. अपडेट सिस्टीमच्या सेटिंग्जमधूनच घ्यावा; ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ‘अपडेट करा’ अशा खिडक्यांवर विसंबू नये. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणाली पॅकेजांच्या यादीवरील डिजिटल स्वाक्षरी तपासतात. स्वाक्षरी न जुळल्याची सूचना आल्यास ती दुर्लक्षून पुढे जाऊ नये. आवृत्तीबदलापूर्वी प्रिंटर, मराठी कळफलक आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर चालते का, ते पाहावे. कार्यालयात आधी एक-दोन संगणकांवर चाचणी घेऊन मग इतरांकडे वळावे. बसवणीनंतर संगणक पुन्हा सुरू करून नेहमीची कामे तपासावीत. विंडोजमध्ये आवृत्तीबदलानंतर साधारण दहा दिवस जुन्या आवृत्तीकडे परतता येते. त्यामुळे ही तपासणी त्या मुदतीतच पूर्ण करावी.

सुरक्षा पॅच लवकर बसवावेत. आवृत्तीबदल मात्र बॅकअप व चाचणी झाल्यावरच करावा.